पट्ट्याला कठडा म्हणायचं नाही

ओमवतीच्या घोट्यावर फोर्कलिफ्टचं मागचं चाक आलं तेव्हा सकाळचे आठ वाजून तीन मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण हजेरीच्या मशीनने तिच्या पुढच्या बाईच्या बोटाचा ठसा आठ-दोनला घेतला, मागच्या माणसाचा आठ-पाचला, आणि मधला घेतलाच नाही. ओमवतीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दुपारी टाइम ऑफिसातून त्या दिवसाचा छापील तक्ता आला. तिच्या नावापुढे होतं: उशीर, अर्धा दिवस कापणे.

तक्ता सहीसाठी गिरिजा सबनीसच्या टेबलावर आला. तिने तो दोनदा वाचला, टाइम ऑफिसात गेली आणि कारकुनाच्या डोळ्यांसमोर फाडून टाकला.

"दूसरा निकालो. और इस बार आँख खोलके."

"मैडम, मशीन अपने आप छापती है."

"मशीन को टूटी टाँग नहीं दिखती. तुझे तो दिखती है ना?"

ही दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीतली, फरीदाबादची गोष्ट. गिरिजा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती आणि नागपाल प्रेसिंग्जमध्ये तिला अठरा वर्षं झाली होती. ती मूळची कल्याणची. नवरा बळवंत केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून लग्नानंतर दिल्ली; राहायला लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर. शेजारच्या मराठी बायका भिशी लावत, गणपतीत नाटक बसवत. गिरिजाने फरीदाबादच्या कारखान्यात टाइम ऑफिसची नोकरी धरली. "एवढ्या लांब? आणि प्रेस शॉपमध्ये?" असं जिने-जिने विचारलं, तिला तिने एकच उत्तर दिलं, "तिथे कुणी मला उखाणा घ्यायला सांगत नाही."

ती लागली तेव्हा कारखान्यात पत्रा दाबून स्कूटरचे सुटे भाग होत आणि हजेरी पुठ्ठ्याच्या कार्डावर लागे. मग देश खुला झाला, गुडगाव आणि मानेसरला मोटारींचे कारखाने वाढले, नागपालांनी स्कूटर सोडून मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्या धरल्या, पुढे त्या परदेशी जाऊ लागल्या. कामगार नव्वदाचे दोनशे ऐंशी झाले. शेड तीच राहिली. कार्डं गेली आणि बोटाचा ठसा घेणारं मशीन आलं, एकच. टाइम ऑफिसच्या बाईंना सेफ्टी अँड अॅडमिन ऑफिसर हे नाव मिळालं, कारण परदेशी गिऱ्हाईक असं कुणी आहे का म्हणून विचारत होतं. गिरिजाने मात्र ते नाव खरं मानलं. पुस्तकं आणली, परीक्षा दिली, कानात बोळे घालायला लावले. कामगार तिला मैडमजी म्हणत आणि ती येताना दिसली की डोक्यावर हेल्मेट चढवत.

ओमवतीचा घोटा का मोडला, हे शोधायला पुस्तकाची गरज नव्हती. शेडच्या दारापासून हजेरीच्या मशीनपर्यंत सत्तर फूट अंतर. भिंतीला लागून चालायची वाट, तिच्या बाजूने फोर्कलिफ्टचा रस्ता. ट्रकवरून उतरलेल्या पत्र्याच्या कॉइल त्याच रस्त्याने प्रेसकडे जात. मध्ये जमिनीवर एक पिवळी रेघ, तीही नव्या रंगाखाली निम्मी बुजलेली. मशीनला एका माणसाला पाच सेकंद लागत. प्रेसवर काम करून ज्यांची बोटं झिजली होती त्यांना तीन-तीनदा बोट टेकवावं लागे. दोनशे ऐंशी माणसं, आठ वाजता पाळी, आठ-पाचनंतर अर्धा दिवस कापलेला. आठला पाच कमी असताना रांग भिंतीपासून फुगायची, पिवळी रेघ ओलांडायची आणि फोर्कलिफ्टच्या वाटेत जायची. कुणाला आकडेमोड करायची असती तर ती मशीन घेतानाच करता आली असती.

गिरिजाने अहवाल एका पानात लिहिला. एक, सत्तर फुटांचा लोखंडी कठडा, जमिनीत बोल्टने पक्का बसवलेला. दोन, दुसरं मशीन. तीन, ते येईपर्यंत आठ-पाचचा नियम बंद. अहवाल घेऊन ती छोट्या साहेबांकडे गेली. विवेक नागपाल, थोरल्या नागपालांचा मुलगा, बाहेरून शिकून आलेला, बोलायला गोड.

त्याने अहवाल वाचला. वीस मार्चला परदेशी खरेदीदाराची तपासणी होती आणि त्यांच्या फॉर्मात माणसांची वाट वाहनांपासून वेगळी आहे का, असा प्रश्न होता, म्हणून तरी वाचला.

"मैडम, रेलिंग लगेगी तो कॉइल कहाँ रखेंगे? और फ्लोर अभी-अभी पेंट हुआ है, उसमें ड्रिल मारेंगे?"

"ओमवती का पैर भी अभी-अभी टूटा है."

"वो तो बहुत बुरा हुआ. मैं पर्सनली फ्रूट्स भिजवा रहा हूँ." त्याने खुर्ची पुढे ओढली. "देखिए, एयरपोर्ट पे वो होते हैं ना, खंभे, जिनसे बेल्ट निकलती है? वो लगवा दीजिए. काम हो गया तो बेल्ट अंदर, जगह खाली. बायर को भी अच्छा लगेगा."

तिथे गिरिजाने चूक केली. ती नंतर स्वतःच तिला चूक म्हणायची, आणि दुसरं कुणी तसं म्हणालं तर चिडायची. तिने मनात हिशेब केला की पिवळ्या रेघेपेक्षा पट्टा बरा. रांग निदान भिंतीला लागून राहील. आधी हे पदरात पाडून घेऊ, मग कठड्यासाठी भांडू. अठरा वर्षांत तिने टोप्या, हातमोजे, बायकांचं वेगळं स्वच्छतागृह, सगळं असंच तुकड्या-तुकड्याने मिळवलं होतं. ती म्हणाली, "ठीक है. लेकिन चुनूँगी मैं."

"बिल्कुल," छोटे साहेब म्हणाले.

पट्ट्याचे खांब विकायला गुडगावहून एक मुलगा आला. पुष्कर, सव्वीस वर्षांचा, पुण्याचा, गळ्यात टाय, गाडीच्या डिकीत दोन नमुने. दारावरची पाटी वाचून त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी?"

"सबनीस आणखी काय असणार? बस. पाणी घे. आणि मला मॉलमध्ये सांगतोस ते सांगू नकोस, इथे सिनेमाची तिकिटं विकत नाहीत."

तिने दोन्ही नमुने प्रेस शॉपमध्ये न्यायला लावले आणि पॅकिंगमधल्या चार बायकांना बोलावलं. पहिल्या खांबाचा पट्टा तिने पूर्ण ओढला आणि सोडून दिला. तो फटकन मागे गेला, टोकाची पट्टी खांबावर आपटली, एक बाई "हाय राम" म्हणून मागे सरली.

"हा डोळा फोडेल."

"याला ब्रेक नाहीये, मॅडम," पुष्कर म्हणाला. "दुसरा सोडून बघा."

दुसरा सावकाश आत गेला, साप बिळात जावा तसा. तिने बैठकीला पायाने ढकललं. बैठक हलली नाही. आत बिडाचं वजन होतं, खाली रबराची कडा. पहिल्याची बैठक वरून पत्रा, आतून पोकळ. तीच बूट लागताच सरकली. मग तिने बायकांना पट्ट्याला घासून चालायला लावलं. एकीच्या ओढणीने पहिल्याचं टोक निघून आलं. दुसऱ्याला खटका होता, अंगठ्याने दाबल्याशिवाय सुटत नव्हता आणि दाबला की लगेच सुटत होता. तो खटका तिने वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिला.

"लांबी किती घेऊ?"

"दोन मीटर. लांबचा स्वस्त पडतो, खांब कमी लागतात, पण मध्ये लोंबतो. लोंबला की लोक ढांग टाकतात. आणि रंग पिवळा-काळा घ्या. इथे तेलाची धूळ आहे, आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसायला लावा, नाहीतर स्प्रिंग धरते."

मुलगा माल विकत होता, पण खोटं बोलत नव्हता. तिने विचारलं, "आणि फोर्कलिफ्ट आली तर?"

"म्हणजे?"

"हा तिला अडवेल का?"

पुष्कर हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "नाही हो मॅडम. पट्टा माणसाला सांगतो की इकडून जाऊ नको. ऐकायचं की नाही ते माणसावर आहे. गाडीवाल्याला तो दिसतो, एवढंच. गाडीसाठी कठडाच पाहिजे."

"हे कॅटलॉगात का नाही?"

"आहे. शेवटच्या पानावर."

तिने पान उलटून पाहिलं. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. "हे मला मोठ्या अक्षरात हवंय. तुमच्या लेटरहेडवर, तुझ्या सहीने."

"मॅडम, प्लीज. आमचे साहेब मला फाडून खातील."

"माझे मला रोज खातात. लिही."

त्याने लिहिलं. दोन ओळी, तारीख, सही. ते पत्र तिने फाइलला लावलं आणि खरेदी विभागाला मागणी दिली: बारा खांब, ब्रेक, खटका, जड बैठक, दोन मीटर, पिवळा-काळा. प्रत्येक अट का, तेही लिहिलं. अशी मागणी त्या कारखान्यात आधी कुणी लिहिली नव्हती.

खरेदीच्या भाटियाने ती वाचली, आणि दिल्लीच्या सदर बाजारातून "सेम टू सेम" बारा खांब आणले.

ते आले त्या सकाळी गिरिजाने एक खांब एका हाताने उचलला. बैठक पोकळ. पट्टा सोडला, फटकन गेला. खटका नव्हताच. पट्टे मरून रंगाचे आणि त्यांवर सोनेरी अक्षरात नागपाल प्रेसिंग्ज. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती एका हातात खांब धरून जिना चढली आणि भाटियाच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या शेजारी, तो आडवा ठेवला.

"ये क्या है, भाटियाजी?"

"आपका बैरियर, मैडम."

"मैंने जो लिखा था उसमें से एक चीज़ दिखाइए इसमें. एक."

भाटिया वैतागला नाही. तो कधी वैतागत नसे. "खंभा है, बेल्ट है. बड़े साहब ने रंग खुद पसंद किया है. पीला-काला तो खतरे का रंग है, बायर देखेगा तो सोचेगा यहाँ खतरा है."

"है ना खतरा!"

"तो उसको क्यों बताना?"

ती खांब तिथेच ठेवून खाली आली.

बारा खांब भिंतीपासून तीन फुटांवर ओळीने लागले. पहिल्या दिवशी रांग सरळ राहिली आणि छोट्या साहेबांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून लोक मधला पट्टा काढून आत घुसू लागले. आठ-पाच जवळ आले की कुणीही घुसेल. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गिरिजाला दिसलं की प्रत्येक पट्ट्याचं टोक पुढच्या खांबाला तारेने आवळून टाकलंय, सळ्या बांधायची असते त्या तारेने, चार-चार वेढे. हे धर्मबीरचं काम. धर्मबीर गेटवरच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख, पलवलजवळच्या गावचा, फौजेतून निवृत्त झालेला, वाईट माणूस नव्हे.

"तार क्यों बाँधी?"

"मैडमजी, ये लोग बीच में से खोल के घुसते हैं. लाइन टूटती है. अब कोई माई का लाल खोल के दिखाए."

"और फोर्कलिफ्ट इधर मुड़ गई तो?"

"तो हट जाएँगे."

"किधर से हट जाएँगे, धर्मबीर? एक तरफ दीवार है. दूसरी तरफ तूने बाँध दिया."

धर्मबीरने भिंतीकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. "साहब ने बोला था लाइन सीधी दिखनी चाहिए," तो म्हणाला.

तिने स्टोअरमधून पक्कड मागवली आणि अकरा गाठी स्वतः तोडल्या. दुसऱ्या दिवशी गाठी परत होत्या. तिने परत तोडल्या. चौथ्या दिवशी, पक्कड हातात घेऊन खाली वाकलेली असताना, तिला जे कळायला हवं होतं ते कळलं. पट्टे नव्हते तेव्हा फोर्कलिफ्ट आली की माणसं चारी दिशांनी पांगत. ओमवती सोडली तर सगळी वेळेत पांगली होती. आता ऐंशी-नव्वद माणसं भिंत आणि तार यांच्यामध्ये तीन फुटांत उभी होती आणि कॉइल त्यांच्या कोपराजवळून जात होती. हे कुणी केलं? भाटियाने, धर्मबीरने, छोट्या साहेबांनी. आणि तिने. ठीक है, असं तीच म्हणाली होती. राग यायला आता दुसरं कुणी पुरेना.

तपासणीला पाच दिवस राहिले तेव्हा फॉर्म तिच्या टेबलावर आला. चालण्याची वाट 'बॅरियर'ने, म्हणजे कठड्याने, वाहनांच्या रस्त्यापासून वेगळी केलेली आहे. त्यापुढे "होय" असं टाइप केलेलं, खाली सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीची जागा. ती छोट्या साहेबांकडे गेली.

"ये सच नहीं है."

"मैडम, बैरियर पूछा है. बैरियर है. अब बेल्ट का है कि लोहे का, ये उन्होंने थोड़े ही पूछा है."

"मैं साइन नहीं करूँगी."

"कर देंगी," तो हसत म्हणाला. "दो सौ अस्सी घरों का सवाल है. ऑर्डर गया तो सबसे पहले पैकिंग वाली औरतें जाएँगी. सोच लीजिए."

संध्याकाळी जेवताना तिने हे घरात सांगितलं. बळवंत मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्याच्या हाताखालून गेलेल्या कागदावर त्याचं नाव सापडणं कठीण असे.

"सही कर आणि खाली शेरा मार," तो भात कालवत म्हणाला. "'उपलब्ध माहितीनुसार' एवढंच. उद्या काही झालं तर तुझ्यावर येणार नाही."

"अहो, कुणावर काय येणार आहे तेच सांगतेय मी! तिथे फाइल नाही येत अंगावर, दोन टनांची कॉइल येते."

"अगं, मी तुझ्या भल्याचं बोलतोय."

"मला माहितेय. म्हणून तर ताट आपटलं नाही."

मुलगी मयुरा गुडगावात एका कॉल सेंटरला होती, दुपारी कॅबने जायची. आज तिची सुट्टी होती. ती म्हणाली, "आई यार, आमच्या ऑफिसात पण आहेत ते पट्टे. लिफ्टसमोर. लोक त्यावर कोपर टेकून फोन करतात."

"त्यासाठीच असतात ते."

"मग तुला नक्की काय हवंय?"

"कठडा."

"कठडा म्हणजे?"

गिरिजाने बळवंतकडे पाहिलं. "रेलिंग," ती म्हणाली. "लोखंडाची. जी हलत नाही."

"अच्छा. मग हे त्यांना करूनच दाखव ना. बोलून तर कुणी ऐकत नाहीये."

मुलगी सहज बोलून गेली. गिरिजा मात्र जेवता जेवता थांबली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाच्या सुट्टीत तिने पॅकिंगच्या बायकांकडून पुठ्ठ्याची रिकामी खोकी मागवली आणि भिंत नि पट्टे यांच्यामध्ये एकावर एक रचली, माणसाच्या उंचीएवढी, सत्तर फूट, खेटून, जशी आठला पाच कमी असताना रांग असते. त्या दिवशीच्या तारेच्या गाठी तिने मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. मग फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर जगबीर याला बोलावलं. ओमवतीच्या पायावर चाक गेलं ते त्याच्याच हातून, आणि तेव्हापासून तो नीट जेवला नव्हता.

"खाली गाड़ी. पैदल की चाल से. आखिरी खंभे को पीछे से छू दे."

"मैडमजी, मेरे से ना करवाओ."

"तेरे से ही करवाऊँगी. किसी को तो दिखना चाहिए कि गलती तेरी नहीं थी."

जगबीरने गाडी मागे घेतली. मागचा भाग वळला आणि शेवटच्या खांबाला लागला, फार तर दाराला खांदा लागावा इतका. तो खांब भिंतीकडे पडला. तारेने बांधलेल्या पट्ट्याने शेजारचा ओढला, त्याने त्याच्या शेजारचा. बाराच्या बारा खांब एकामागून एक खोक्यांवर कोसळले. पोकळ बैठका वर झाल्या, खोकी भिंतीवर चेपली गेली. आवाज संपला तेव्हा दोनशे माणसं चहाचे पेले हातात धरून उभी होती. ज्यांची जागा रोज त्या खोक्यांच्या जागी असे, ती आपापली खोकी शोधत असावीत.

छोटे साहेब धावत आले. "ये क्या तमाशा है?"

"आपकी सेफ्टी," गिरिजा म्हणाली.

"मैडम, ऑफिस में बात करते हैं."

"यहीं करेंगे. लाइन यहीं लगती है." तिने फायलीतून फॉर्म काढला, पडलेल्या खांबाच्या बैठकीवर ठेवला आणि पेन उघडून त्याच्यापुढे धरलं. "बैरियर है, आपने कहा था. तो इस पर आप साइन कीजिए. इन सबके सामने."

त्याने पेन घेतलं नाही. सगळ्यांनी ते पाहिलं. तो वळून गेला आणि जाताना धर्मबीरला म्हणाला, "ये सब उठवाओ." धर्मबीर खाली वाकला आणि कुणी न सांगता आधी तार तोडायला लागला.

तिसऱ्या दिवशी लोखंडाचे दोन आडवे नळ आणि उभे खांब घेऊन वेल्डर आले. जमिनीत भोकं पडली, बोल्ट बसले. गिरिजा दिवसभर तिथे उभी राहिली, जगबीरला बोलावून कठड्याला फोर्कलिफ्टने रेटायला लावलं. कठडा हलला नाही. पण शेडच्या पाचव्या पिलरपाशी वेल्डरांनी सामान आवरायला घेतलं. दारापासून पस्तीस फूट झाले होते. पस्तीस राहिले होते.

"आगे?" तिने विचारलं.

भाटिया तिथेच होता. "आगे की ज़रूरत नहीं, मैडम. बायर पाँचवें पिलर से लैब की तरफ मुड़ जाएगा. रूट बन गया है."

"और हमारे लोग? वो भी पाँचवें पिलर से लैब जाते हैं क्या?"

"मैडम, आधा तो मिला ना," भाटिया म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं की आपण तिची समजूत घालतोय.

अर्धं घेऊन तिने अठरा वर्षं काढली होती. त्या संध्याकाळी फॉर्म परत तिच्यापुढे आला तेव्हा तिने "होय" खोडलं आणि हाताने लिहिलं: पिलर एक ते पाच, पस्तीस फूट, कठडा आहे. पिलर पाच ते मशीन, पस्तीस फूट, कठडा नाही, फक्त पट्टा. खाली सही केली आणि पुष्करचं पत्र पिनने टोचून लावलं. प्रत स्वतःकडे ठेवली. छोट्या साहेबांनी तो फॉर्म बदलायला सांगितलं. तिने नकार दिला. नवा माणूस नेमून त्याची सही घ्यायला दिवस उरले नव्हते. फॉर्म फायलीत सगळ्यांत खाली घातला गेला.

वीस मार्चला खरेदीदाराची तपासनीस आली, पन्नाशीची परदेशी बाई, पायात जाड बूट, हातात स्वतःची टॉर्च. तिने फाइल खालून वर वाचायला सुरुवात केली. बहुधा तिला अशा फायली ठाऊक होत्या. मग ती शेडमध्ये आली, कठड्याला हात लावून हलवून पाहिलं आणि चालत पाचव्या पिलरपाशी थांबली. छोटे साहेब लॅबच्या दाराकडे हात करून उभे होते. ती वळली नाही. मरून पट्ट्यांवर तिने टॉर्च मारली आणि इंग्रजीत विचारलं, "आणि इथून पुढे?"

"काम चालू आहे," छोटे साहेब इंग्रजीत म्हणाले. "वर्क इन प्रोग्रेस."

बाईने गिरिजाकडे पाहिलं. फॉर्मवरची सही कुणाची, हे तिने छातीवरच्या नावाच्या पट्टीवरून जुळवलं असावं.

"काम चालू नाही," गिरिजा म्हणाली. तिचं इंग्रजी कल्याणच्या नगरपालिकेच्या शाळेतलं होतं, आखूड आणि सरळ. "ऑर्डरच गेलेली नाही."

कठड्याची ऑर्डर गेली. खरेदीदाराने काम काढून घेतलं नाही. उरलेला कठडा पूर्ण झाल्याचे फोटो पाठवा, मग माल उचलू, असं लेखी कळवलं. तो नऊ दिवसांत पूर्ण झाला. पॅकिंगमधल्या एकाही बाईला काढलं नाही. दहाव्या दिवशी गिरिजाला पत्र मिळालं: कामाची पुनर्रचना, सुरक्षेचा भार दुसऱ्याकडे, तिच्याकडे यापुढे कँटीन, गणवेश आणि स्टेशनरी. टेबल स्टोअरच्या शेजारी. बळवंतने पत्र वाचलं आणि प्रथमच काही शेरा न मारता घडी घालून पाकिटात परत ठेवलं.

मे महिन्यात ओमवती कामावर आली, थोडी लंगडत. गिरिजा कँटीनमध्ये दुधाच्या पिशव्या मोजून घेत असताना ती भेटायला आली.

"मैडमजी, बढ़िया बनवा दिया. एकदम पक्का है."

"तू इतनी जल्दी? अभी तो सात-चालीस हुए हैं."

"पैर से भागा नहीं जाता ना. आठ-पाँच के बाद आधा दिन कट जाता है. सब जल्दी ही आते हैं अब. कोई सात-पैंतीस, कोई सात-चालीस."

गिरिजाने खिडकीतून पाहिलं. कठड्याच्या आत, भिंतीला लागून, रांग दारापर्यंत उभी होती. पाळी सुरू व्हायला वीस मिनिटं होती. मशीन एकच होतं. दुसऱ्या मशीनबद्दल तपासणीच्या फॉर्मात प्रश्नच नव्हता, त्यामुळे अहवालातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याला कुणी हात लावला नव्हता. दोनशे ऐंशी माणसांची रोजची वीस-वीस मिनिटं कारखान्याने आता लोखंडी कठड्याच्या आत, अगदी सुरक्षितपणे, फुकट घ्यायला सुरुवात केली होती.

"दूध तू मोज," ती कँटीनच्या आचाऱ्याला म्हणाली.

तिच्याकडे सुरक्षा विभागाचा कागद राहिला नव्हता. तिने कँटीनचं पॅड ओढलं आणि त्यावर, समोसे आणि चहा छापलेल्या चौकटीच्या खाली, दुसऱ्या मशीनची मागणी लिहिली. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी तिने दुसरी लिहिली. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी, आणि त्यावर पहिल्या दोन्हींच्या तारखा.